नाक गेलेल्या माणसाचं मसाल्याचं दुकान

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला आणि शालन आणि मी गोडा मसाल्याच्या पिशव्या बंद करायला बसलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्यात विशेष काही नव्हतं. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं आणि एक मेणबत्ती, एवढंच आमचं मशीन. तिने पिशवीत मसाला भरायचा, पिशवीचं तोंड पात्यावर दुमडून दोन्ही हातांनी ताणून धरायचं, आणि मी त्या कडेखालून मेणबत्ती सरकवत न्यायची. हात थांबला की भोक पडतं, घाई केली की पिशवी उघडी राहते. लोक हे एकट्याने करतात म्हणे. आमच्यावर एकट्याने करायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे मला ते येत नव्हतं.

निम्म्याच्या वर पिशव्या झाल्यावर ती म्हणाली, "पाठ भरून आली हो. राहिलेल्या उद्या सकाळी करू."

मी म्हटलं, "माल न्यायला गाडी दुपारी येणार आहे."

"दुपारी ना? मग सकाळ आहे की."

उरलेला मसाला तिने स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवला. त्या डब्याचं झाकण एका बाजूने उचललेलं असायचं. म्हणून मी त्यावर तराजूचं वजन ठेवलं. ती म्हणाली, "त्यानं काय होतंय, वास जायचा तो जातोच." मग आम्ही आमटी-भात खाऊन झोपलो. पहाटे मी उठलो, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या.

त्या उरलेल्या मसाल्याचं मी त्या सकाळी काय केलं, त्यावरून आमच्या लोकांत अजून बोललं जातं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या बाईंनी दुकानाचे अनुभव लिहून द्या म्हटलं, तेव्हा मला दुसरं काही आठवेचना. मी चौथी शिकलेला. बाईंनी चुका सुधारल्या आहेत, पण मजकूर माझाच आहे. ती सकाळ सांगतो, पण आधी धंदा सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. मला तरी कुठं पुरतं कळलंय.

मी मूळचा सांगलीकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला देशभर जातात, त्याला गलाई म्हणतात. सोनारांच्या दुकानातले जुने डाग-दागिने, केर, तुकडे घ्यायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालायचे, तापवायचे आणि शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. इथं, तमिळ मुलखातल्या या शहरात, सौकारपेठेत माझ्या मामांची गलाईची भट्टी होती. मिसरूड फुटायच्या आत मी तिथं आलो. खोली एवढीशी, धूर पिवळा. त्या धुराने माझं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर आहे, वास येत नाही. आधी खोकला झाला, मग डोळे लाल झाले, मग एक दिवस भात करपला आणि मला कळलंच नाही. मामा म्हणाले, वासाशी सोनाराला काय करायचंय. खरं होतं ते. पण खोकला जाईना, म्हणून भट्टी सोडली.

आता गंमत बघा. नाक गेलेल्या माणसाने कसलं दुकान काढावं? तर मसाल्याचं. त्याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीत एका गल्लीत, पाट्टींच्या घरात पुढे दुकान आणि मागे खोली. पाट्टी म्हणजे आजी. त्या घरमालकीण, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांना सगळी गल्ली पाट्टी म्हणायची, म्हणून आम्हीही. आणि सगळी गल्ली मला सेट्टू म्हणायची. उत्तरेकडून आलेला प्रत्येक दुकानदार तिथं सेट्टू, म्हणजे शेठ. भाडं थकलं असतानाही मी सेट्टूच होतो.

दुकान काढायची कल्पना शालनची. गलाईवाल्यांच्या बायका तिच्याकडून मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी करून न्यायच्या. ती म्हणाली, फुकट देतेय ते विकूया. गावाकडून ज्वारी, शेंगदाणे, बेदाणा, आमसुलं यायची. बाकी खरेदी माझी, भाजणं तिचं. वास बघायचं कामही तिचंच. मी सौकारपेठेत जाऊन धने, दगडफूल, खोबरं घेऊन यायचो, ते फक्त रंग आणि हाताचा स्पर्श बघून. धना चिमटीत दाबला की कळतो. दगडफूल ओलं असेल तर हाताला थंड लागतं. घरी आल्यावर ती पोत्यात तोंड घालून सांगायची, ठेवायचं का परत करायचं. गिऱ्हाईक पिशवी माझ्या नाकाला लावून म्हणायचं, काका, काय वास आहे हो. मी मान हलवायचो. काय सांगत बसायचं.

गोडा मसाला म्हणजे काय ते आमच्या लोकांना सांगायला नको. पण इथं वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. गोडा म्हणजे साखर घातलेला नव्हे. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, असं सगळं वेगवेगळं, जरा जरा तेलावर भाजायचं. एकत्र भाजलं तर तीळ जळतो आणि दालचिनी कच्ची राहते. मग गिरणी. गल्लीतल्या गिरणीत आधी कुणीतरी मिरच्या दळलेल्या असायच्या. म्हणून शालन आधी आपले मूठभर धने दळायला घालायची आणि ते टाकून द्यायची. गिरणीवाला दर वेळी तेच म्हणायचा, अम्मा, हे पण तुमचेच पैसे ना. आणि ती दर वेळी म्हणायची, गिरणी तुझी आहे, तोंड धुवायचं काम माझं.

आता तिची एक चूक सांगतो. चूक म्हणायची की नाही, यावर पुढे भांडणं झाली.

आम्ही नवे होतो तेव्हा एकदा नागकेशर कुठेच मिळेना. मला तमिळ येत नव्हतं. मी दुकानदाराला खुणा करून सांगत होतो, कळीसारखं असतं, देठ असतो. त्याने विचारलं, कुठले तुम्ही? मी म्हटलं मराठी. तो हसला आणि एक डबा उघडून काळपट, लवंगेपेक्षा जाड कळ्या दिल्या. नाव काय, तर मराठी मोक्कू. मोक्कू म्हणजे कळी. मी खूश. घरी आणल्यावर शालनने वास घेतला, दाताखाली धरून बघितलं. म्हणाली, हे नागकेशर नव्हे. पण इथली माणसं याला आपलं नाव देतात तर आपलंच असणार, मागच्या कुणीतरी आणलं असेल, आपण विसरलो असू. आणि तिने ते घातलं. तिकडे महाराष्ट्रात कुणी हे मसाल्यात घालत नाही, हे आम्हाला किती तरी वर्षं माहीत नव्हतं. तोवर आमचा मसाला त्याच चवीवर चालायला लागला होता.

मग आयटीची पोरं आली. तिरुवल्लिकेणीतली मॅन्शनं त्यांनी भरली. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे; एकट्या पुरुषांनी भाड्याने राहायच्या खोल्या, वर एक दांडी कपड्यांना आणि खाली एक बादली. स्वयंपाक करायची परवानगी नाही. ही पोरं आमच्याकडून मेतकूट न्यायची आणि मेसच्या दहीभातावर घालून खायची. पोरीही यायला लागल्या. त्यांतली ऋतुजा पुण्याची, अंबत्तूरला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर. रविवारी स्कूटरवर इतक्या लांब यायची. पहिल्यांदा आली तेव्हा पिशवी हुंगून म्हणाली, "काकू, हा गोडा मसाला नाहीये. पण मस्त आहे."

त्या वेळी दुकानात एक राव नावाचे म्हातारे शिक्षक उभे होते. तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी इतकं जुनं की मला निम्मं कळायचं नाही, आणि माझं त्यांना गावंढळ वाटायचं. ते तिला म्हणाले, आमच्या घरी हाच वास आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे, तुमच्या पुण्यात विसरले असतील. ती म्हणाली, सर, माझ्या आजीचा मसाला मला माहीत आहे. ते म्हणाले, आजी कालची. दोघं मराठीत सुरू झाले आणि इंग्रजीत भांडले. शालन मला हळूच म्हणाली, अहो, कोण बरोबर? मी म्हटलं, मला विचारतेस? मला तर वासच येत नाही.

तेव्हापासून शालनच्या मनात ते राहिलं. आपण विकतोय ते काय विकतोय?

त्यातच नुंगंबाक्कमच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर आला. ते दुकान परदेशी खाण्याचं. ऑलिव्हचं तेल, इटलीच्या शेवया, काचेच्या बाटलीतली लोणची, सगळं थंड हवेत मांडलेलं. त्यांना देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या खास वस्तूंचं एक कपाट करायचं होतं. ऋतुजाने आमचं नाव सांगितलं होतं. माणूस तमिळ, चांगला होता, हिंदी माझ्यापेक्षा बरं बोलायचा. म्हणाला, येऊन दुकान बघा, मग ठरवा.

आम्ही दोघं बसने गेलो. शालनने काचेच्या दाराबाहेर चपला काढल्या, मग मीही काढल्या. आत गेल्यावर दिसलं की बाकी सगळे चपला घालूनच फिरत होते. त्या गार फरशीवर ती अनवाणी सगळं दुकान हिंडली. मॅनेजरने तिला एक परदेशी चीज खायला दिलं, निळ्या रेघा असलेलं. तिने वास घेतला आणि मराठीतच त्याला म्हणाली, "बाबा, हे नासलंय. तुम्हाला कुणीतरी फसवलं." मी हिंदीत सांगितलं. तो हसून म्हणाला, बुरशी मुद्दाम लावतात, त्यालाच किंमत आहे. मी खाल्लं, मला मीठ लागलं, बाकी काही नाही.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "त्यांची बुरशी चालते, तर आपलं मोक्कू का नाही चालणार?" आणि खूप हसली. तिला इतकं हसताना मी फार दिवसांनी बघितलं होतं.

पण लेबलाची पंचाईत झाली. मॅनेजरला पिशवीवर नाव पाहिजे, आत काय काय आहे ते पाहिजे, आणि कधीपर्यंत चांगलं राहील तेही पाहिजे. शेवटच्याला शालन म्हणाली, वास आहे तोवर. तो म्हणाला, तसं छापता येत नाही. नावाच्या जागी त्याने पक्का महाराष्ट्रीय गोडा मसाला असं काहीतरी सुचवलं. ती म्हणाली नाही. आमच्या घरचा मसाला एवढंच लिहा, आणि आत मराठी मोक्कू आहे ते सगळ्यात आधी लिहा. पुण्याची पोरगी परत भांडायला नको. त्याने तसं छापून दिलं. त्या पिशव्या आम्ही त्या संध्याकाळी बंद करत होतो.

पुढचं आधी सांगून टाकतो. माल त्या दुकानात गेला. ऋतुजा म्हणाली, सगळा खपला. मॅनेजर भेटायला आला, दोन्ही हात जोडले, आणि जरा वेळाने विचारलं, पुढचा माल कधी? मी रागावलो नाही. त्याचं कपाट रिकामं होतं, विचारणारच.

मी करून बघितलं. कुठे किती भाजायचं ते मी तिच्या पाठीशी उभं राहून वर्षानुवर्षं बघितलं होतं. रंग तसाच आला. धना तडतडला की ती पळी फिरवायची, मीही फिरवली. गिरणीचं तोंडही धुतलं. मग डबा घेऊन बसलो आणि समजेना की झालंय का नाही. शालन नाकाशी धरून सांगायची. आता कुणाच्या नाकाशी धरायचं? गिऱ्हाइकाला दिला. एक म्हणाला, अगदी काकूंचा हात. दुसरी म्हणाली, छान आहे काका, पण जरा वेगळा आहे. राव सरांनी हुंगला आणि नेहमीएवढाच घेतला. आता यातलं काय धरायचं? पहिल्याचं ऐकलं की वाईट वाटायचं, म्हणजे ती नसली तरी चालतं. दुसरीचं ऐकलं की वाईट वाटायचं, म्हणजे ते संपलं. एकदा मोक्कू न घालता केला. ऋतुजा म्हणाली, काका, आता हा बरोबर गोडा मसाला आहे. आणि तो कुणी परत मागितला नाही. मग मी मसाला बंद केला, फक्त शेंगदाणे आणि आमसुलं विकली, आणि पुढे दुकानच आवरलं.

त्याआधी एकदा ऋतुजा शालनच्या हातची एक पिशवी घेऊन आली. तिने ती फ्रीजरमध्ये ठेवली होती. म्हणाली, काका, ही तुमच्याकडे राहू दे. मी म्हटलं, मी काय करू तिचं? मला वास येत नाही.

तिला ते माहीत नव्हतं. माझ्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"भट्टीवर असल्यापासून."

"म्हणजे काकूंचा मसाला तुम्ही कधीच...?"

"तिखट-मीठ कळतं. वास नाही. तू सांग, कसा येतो?"

तिने पिशवी कापली, डोळे मिटले आणि म्हणाली, घरासारखा. मी चिडलो. घरासारखा म्हणजे काय? घरात दहा वास असतात, मोरीचाही असतो. मग तिने पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, आधी वाळलेल्या सालीसारखा, जरा मातकट. मग भाजलेल्या खोबऱ्याचा. आणि सगळ्यात शेवटी मागून काहीतरी येतं, त्याला मला नाव सांगता येत नाही. मी म्हटलं ते मोक्कू असेल. ती म्हणाली, असेल. आणि रडायला लागली. ती का रडते ते मला कळेना. मी म्हटलं, पिशवी फोडलीस तर आता आमटीत घालून खा, नाहीतर वाया जाईल. तिने घरी जाऊन तसं केलं की नाही, मी विचारलं नाही.

आता ती सकाळ.

शालनला पुढच्या खोलीत, दुकानातच आडवं ठेवलं होतं, कारण मागच्या खोलीत माणसं मावली नसती. शटर अर्धं खाली. सौकारपेठेतून मामांच्या घरची माणसं निघाली होती, अजून आली नव्हती. डॉक्टर गेले होते. मी तिच्याजवळ बसलो. काय करायचं ते सुचत नव्हतं. समोर टेबलाखाली तो स्टीलचा डबा होता. झाकण एका बाजूने उचललेलं, वर वजन. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. ती म्हणाली होती, वास जायचा तो जातोच. इथली हवा समुद्राची, ओली. मसाला पाणी ओढतो. वास चाललाय का आहे, हे सांगणारं घरात एकच नाक होतं.

मी उठून मेणबत्ती लावली. पातं घेतलं. पिशवी भरली आणि एका हाताने तोंड धरून दुसऱ्या हाताने मेणबत्ती सरकवायला गेलो. पिशवी जळाली. दुसरी घेतली, तीही जळाली.

तेवढ्यात पाट्टी खाली आल्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा घाईत बांधलेला. त्यांनी आधी शालनकडे बघितलं, मग मेणबत्तीकडे. म्हणाल्या, "सेट्टू, उशाशी दिवा तेलाचा लावतात. आमच्याकडे पण, तुमच्याकडे पण."

मी म्हटलं, "तिच्यासाठी नाही ती. पिशव्यांसाठी आहे."

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज दुकान बंद. आज कुणी काही मागणार नाही."

मला गाडीची आठवण होती का? असेल. नसेलही. हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मामांची माणसं आली तेव्हा त्यांनी तेच बघितलं, बायको जमिनीवर आणि हा धंदा करतोय, आणि ते तसंच सगळीकडे गेलं. मी कुणाला काही समजावलं नाही. मलाच समजलं नव्हतं, तर दुसऱ्याला काय सांगणार? पण पाट्टींना मी एक विचारलं, ते मला चांगलं आठवतं.

"पाट्टी, मसाल्याचा वास येतोय का?"

त्या तशाच उभ्या राहिल्या. मान वर केली. म्हणाल्या, "येतोय. जिन्यावर येतोय. माझ्या खोलीत पण पहाटेपासून येतोय."

मी म्हटलं, "म्हणजे चाललाय."

पाट्टी मागच्या खोलीत गेल्या, आमच्या देवापुढची समई उचलून आणली, तेल घातलं आणि शालनच्या उशाशी लावून ठेवली. मग पदर कमरेला खोचून माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, बसायला वेळ लागला. पातं उचलून त्यांनी विचारलं, "कसं धरायचं?"

मी दाखवलं. त्यांनी पिशवीचं तोंड पात्यावर दुमडलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं. मी मेणबत्ती सरकवली. पिशवी बंद झाली. त्यांनी ती नाकाशी नेली, हुंगली आणि म्हणाल्या, "आता नाही येत. दुसरी दे."